दोन पौंडांचा सौदा

गावच्या जत्रेतल्या कुस्तीच्या फडात वजनकाटा नसतो. पंच दोन पोरांना मनगटाला धरून मैदानभर फिरवतात, मध्ये आणून खांद्याला खांदा लावून उभे करतात आणि कडेची माणसं ओरडतात, "जोड लागत नाही, हा थोराड आहे!" मग एकाला मागे बसवायचं, दुसरा पुढे आणायचा. वजन, उंची, मानेची जाडी, कोणत्या तालमीचा, मागच्या मैदानात काय करून आला, हे सगळं नजरेच्या तराजूत पडतं. जोड जमली की हलगी कडाडते. या पद्धतीत चुका होतात, वशिलेही चालतात. पण जोड तोडीची हवी, हे शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही मान्य असतं.

व्यावसायिक बॉक्सिंगने हे नजरेचं काम काट्याकडे सोपवलं. वजनी गट आखले आणि प्रत्येक गटाला कमाल मर्यादा घातली. वाद मिटायला हवा होता. पण १४ नोव्हेंबर २००९ रोजी लास व्हेगासमध्ये एक चमत्कारिक सामना झाला. प्वेर्तो रिकोचा मिगेल कोटो हा डब्ल्यूबीओ या संघटनेचा वेल्टरवेट गटातला विजेता होता. गटाची मर्यादा १४७ पौंड. फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ त्याच्या किताबासाठी आव्हान देत होता. करारात मात्र आकडा होता १४५. म्हणजे स्वतःच्याच गटात, स्वतःचाच पट्टा राखायला, विजेत्याने मर्यादेच्याही दोन पौंड खाली यायचं! कोटो काट्यावर बरोबर १४५ भरला, पॅकियाओ १४४. कोटो तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत खाली पडला, आणि बाराव्या फेरीत पंचाने लढत थांबवली.

दोन पौंड म्हणजे सुमारे ९०० ग्रॅम. किलोभर साखरेच्या पुडीपेक्षाही कमी. एवढ्याने अशा तगड्या माणसाचं काय बिघडणार? आणि बिघडत नसेल, तर समोरच्याने ते मागितले कशाला?

साताऱ्यातलं कार्यालय

प्रस्थापित गटाची मर्यादा बाजूला ठेवून दोन बॉक्सरांनी आपसांत ठरवलेल्या वजनाला 'कॅचवेट' म्हणतात. हा शब्द मूळचा घोड्यांच्या शर्यतींतला. तिथून तो आखाड्यात शिरला.

कल्पना तशी साधी आहे. मुलाकडचे पुण्याचे, मुलीकडचे कोल्हापूरचे. लग्नाचं कार्यालय साताऱ्यात घेतलं. दोघांनाही अंतर जवळपास सारखं. तसंच एक बॉक्सर १४७ पौंडांच्या गटातला आणि दुसरा १५४ च्या गटातला असेल, तर १५० वर भेटू म्हणायचं. लोकांना हवी असलेली लढत होते, आणि कोणालाच पूर्ण वाट तुडवावी लागत नाही.

पण पुण्याहून निघालेल्यांना खंबाटकी घाट लागतो. अंतर सारखं असलं तरी रस्ता सारखा नसतो. वजनाचंही तेच आहे. हलक्या माणसाला तीन पौंड वर जायचं तर चार घास जास्त खाऊन भागतं. आधीच सुकलेल्या जड माणसाला चार पौंड आणखी खाली यायचं असेल, तर ते वजन त्याच्या रक्तातून काढावं लागतं. हे शब्दशः खरं आहे.

एका माणसाची तीन वजनं

बॉक्सरचं वजन एकच नसतं. पहिलं त्याचं रोजचं, सरावाच्या काळात खाऊनपिऊन असलेलं. दुसरं काट्यावरचं, जे वर्तमानपत्रात छापून येतं. तिसरं प्रत्यक्ष रिंगमध्ये उतरतानाचं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन सामन्याच्या आदल्या दिवशी घेतात, त्यामुळे दुसऱ्या आणि तिसऱ्या वजनाच्या मध्ये चोवीस तासांहून जास्त वेळ मिळतो. सगळी गंमत, आणि सगळा धोका, त्या एका रात्रीत आहे.

काट्याच्या आधीच्या आठवड्यात काय चालतं ते पाहू. आधी भात, पोळी, साखर बंद होते. आपले स्नायू आणि यकृत साखरेचा एक साठा बाळगून असतात, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. साबुदाणा जसा पाणी धरून फुगतो, तसं हे ग्लायकोजेन आपल्या वजनाच्या जवळजवळ तिप्पट पाणी धरून बसतं. अर्धा किलोच्या आसपासचा हा साठा संपत आला की त्याच्यासोबत दीडेक किलो पाणीही निघून जातं. मग मीठ कमी केलं जातं, कारण मीठ पाणी धरून ठेवतं. शेवटी पिण्याचं पाणीच तोडतात, आणि उरलेलं घामावाटे काढायला गरम पाण्याचा टब, वाफेची खोली, अंगावर प्लॅस्टिकचा सूट. काही जण तर शेवटच्या तासात थुंकत बसतात. चेष्टा नव्हे, काट्यावर थुंकीचंही वजन असतं.

ओला टॉवेल पिळून पाहा. पहिल्या पिळ्याला धो धो पाणी पडतं, दुसऱ्याला बरंच. चौथ्या-पाचव्याला मनगट दुखेपर्यंत पिळावं तेव्हा कुठे दोन थेंब. शरीरातलं पाणीही असंच निघतं. पहिले तीन किलो सोपे असतात, शेवटचा एक नसतो. त्यामुळे 'फक्त दोन पौंड' हा शब्दप्रयोग फसवा आहे. ते दोन पौंड पिळ्याच्या सुरुवातीचे की शेवटचे, हे कळल्याशिवाय त्यांची किंमत सांगता येत नाही.

शेवटच्या पिळ्यात शरीर कुठून पाणी देतं? त्यात रक्तातल्या पातळ भागाचाही वाटा असतो. रक्ताचं आकारमान घटलं की तेवढंच काम करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. कातडीकडे कमी रक्त जातं, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, माणूस लवकर थकतो. काट्यावरून उतरल्यावर तो मीठ-साखरेचं पाणी घटाघटा पितो, भात-पास्ता खातो, आणि रक्त काही तासांत बरंच सावरतं. स्नायूंचा साखरेचा साठा भरायला मात्र पुरा दिवसही कमी पडू शकतो. मेंदूभोवतीच्या द्रवाचं काय होतं, सुकलेल्या माणसाच्या डोक्याला ठोसा जास्त बाधतो का, याची काळजी डॉक्टरांना सतत वाटते. अपुऱ्या पाण्याने रिंगमध्ये उतरलेल्याला फक्त हरण्याचा धोका नसतो.

—————
चौकट: लेखातले आकडे
वेल्टरवेट: १४७ पौंड (६६.७ किलो)
सुपर वेल्टरवेट: १५४ पौंड (६९.९ किलो)
मिडलवेट: १६० पौंड (७२.६ किलो)
सुपर मिडलवेट: १६८ पौंड (७६.२ किलो)
लाइट हेवीवेट: १७५ पौंड (७९.४ किलो)
कॅचवेटचे काही करार: कोटो–पॅकियाओ १४५, मार्गारिटो–पॅकियाओ १५०, हॉपकिन्स–डे ला होया १५८, कानेलो–खान १५५ पौंड.
—————

दोन पौंड इथले, दोन पौंड तिथले

आता कोटोच्या शेजारी दुसरा सामना ठेवू. सप्टेंबर २००४, पुन्हा लास व्हेगास. बर्नार्ड हॉपकिन्स हा मिडलवेटचा निर्विवाद विजेता, मर्यादा १६० पौंड. समोर ऑस्कर डे ला होया, खालच्या गटांतून चढत आलेला आणि तिकिटं खपवण्यात त्या काळी अव्वल. करार १५८ चा. इथेही विजेत्याला त्याच्याच गटात दोन पौंड खाली ओढलं होतं.

हॉपकिन्स काट्यावर उभा राहिला तो १५६ पौंडांचा. मागितलेल्यापेक्षाही दोन कमी! वर्षानुवर्षं शिस्तीत राहणारा हा माणूस १५८ च्या रेषेखाली आरामात मावत होता. रेघ त्याच्या अंगाला लागलीच नाही. नवव्या फेरीत त्याने डे ला होयाच्या यकृतावर डावा ठोसा मारला आणि सामना संपला. कोटोचं तसं नव्हतं. तो काट्यावर मर्यादेला टेकून उभा होता.

दोन्ही करारांत सवलत तेवढीच, दोन पौंडांची. एकाला ती जाणवली नाही, दुसऱ्याला शेवटच्या थेंबापर्यंत यावं लागलं. म्हणून कॅचवेटचा आकडा ऐकून "हा अन्याय आहे" किंवा "यात काय एवढं" म्हणणारे दोघेही घाई करतात. आधी विचारावं की तो माणूस सरावाला किती वजनाचा असतो, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत या आकड्याच्या जवळ कधी आला होता.

खुद्द कोटोच्या पराभवाचं काय? माझ्या मते तो पॅकियाओच्या वेगापुढे हरला. १४७ वर लढत झाली असती तरी फार वेगळं दिसलं नसतं. पण मला तसं वाटणं आणि ते सिद्ध होणं यात अंतर आहे, आणि ते अंतर त्या दोन पौंडांनीच निर्माण केलं. विजयाला चिकटलेला तो प्रश्न कायमचा राहिला. पॅकियाओसारख्या बॉक्सरला त्या सवलतीची गरज नव्हती.

रात्रीतून वाढलेला माणूस

कॅचवेटला नावं ठेवताना आपण गृहीत धरतो की नेहमीचे गट न्याय्य असतात. ते तपासून पाहायला हवं.

२६ फेब्रुवारी २०००, न्यूयॉर्क. आर्तुरो गाटी आणि जोई गमाश यांच्यात १४१ पौंडांचा करार होता. आदल्या दिवशीच्या वजनानंतर, रिंगमध्ये उतरण्याआधी टीव्हीवाल्यांच्या काट्यावर गमाश १४५ भरला आणि गाटी १६०. एका रात्रीत १९ पौंड, म्हणजे साडेआठ किलोंहून जास्त! दोन गट वरचा माणूस आदल्या दिवशीच्या आकड्याच्या आडून आत आला होता. दुसऱ्याच फेरीत गमाश बेशुद्ध पडला, आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. कागदोपत्री जोड बरोबर होती. जत्रेतल्या म्हाताऱ्याने नजरेनेच सांगितलं असतं की ही जोड लागत नाही.

उलट बाजूचं उदाहरण डे ला होयाचं. डिसेंबर २००८ मध्ये तो पॅकियाओशी लढला, तेही सरळ वेल्टरवेट गटात, १४७ च्या मर्यादेत. कॅचवेट नव्हतंच. पण डे ला होया सात वर्षांत त्या वजनाला लढला नव्हता. आदल्या दिवशी तो १४५ भरला, पॅकियाओ १४२. सामन्याच्या रात्री टीव्हीवर सांगितलेले आकडे पाहून लोक चकित झाले: डे ला होया १४७, पॅकियाओ १४८.५. उंचपुरा, थोराड माणूस हलका निघाला! पिळलेला टॉवेल पुन्हा भिजलाच नव्हता. आठ फेऱ्या मार खाऊन तो स्टुलावरून उठला नाही आणि काही महिन्यांनी निवृत्त झाला. नियमाप्रमाणे ठरलेल्या, वैध गटाने त्याचं जे केलं, ते कोणत्याही कॅचवेटने केलं नसतं.

आणि मार्गारिटो? नोव्हेंबर २०१० मध्ये टेक्सासच्या आर्लिंग्टनमध्ये अँटोनियो मार्गारिटो आणि पॅकियाओ सुपर वेल्टरवेटच्या रिक्त किताबासाठी १५० पौंडांच्या करारावर लढले. पॅकियाओ काट्यावर १४४.६ भरला; म्हणजे १५४ च्या गटाचा किताब मिळवायला आलेला माणूस खालच्या गटातही बसत होता. रिंगमध्ये उतरताना तो १४८ चा होता आणि मार्गारिटो १६५ चा. कॅचवेट पॅकियाओच्या सोयीचं म्हणून ठरलं होतं, तरी प्रत्यक्षात तो १७ पौंड जड माणसाशी लढला. त्याने मार्गारिटोच्या डोळ्याखालचं हाड मोडलं आणि एकमताने जिंकला. इथे अन्याय कोणावर झाला, सांगा बरं.

हेच कानेलो अल्वारेझ आणि ब्रिटनच्या आमिर खानचं (आपला नट नव्हे). मे २०१६ मध्ये १५५ पौंडांवर गाठ पडली. मिडलवेटच्या मर्यादेपेक्षा आकडा पाच पौंडांनी कमी, म्हणून वरवर खानला सवलत दिल्यासारखा. पण खान १४७ च्या गटातून आला होता आणि कानेलोला १५५ ला यायला फार झिजावं लागत नव्हतं. सहाव्या फेरीत एका उजव्या ठोशाने खान आडवा झाला.

रेघ कुठेतरी ओढावीच लागते

गटांच्या रेषा निसर्गाने आखलेल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आठ प्रमुख गट होते, आज व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये सतरा-अठरा आहेत. गट कमी असतील तर कोणाची ना कोणाची फरफट होते. २०१२ मध्ये लंडनला महिलांचं बॉक्सिंग प्रथमच ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा तिथे तीनच गट होते: ५१, ६० आणि ७५ किलो. भारताच्या मेरी कोमने आपले जागतिक किताब यापेक्षा हलक्या गटांत मिळवलेले. तिला ५१ किलोत, स्वतःपेक्षा उंच आणि जड मुलींसमोर उभं राहावं लागलं. तिने कांस्यपदक आणलं, हा तिचा पराक्रम. गट तिच्या मापाचा नव्हता.

आणि रेघ कितीही बारीक ओढा, कडेला कोणीतरी उभं राहणारच. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कुस्तीपटू विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरली. लढत न होताच ती बाद झाली. ऑलिंपिकचा काटा सौदा करत नाही. व्यावसायिक बॉक्सिंगचा काटा करतो.

कागदावर आधी कोणाची सही

म्हणून मला खरी गोम वाटते ती आकडा ठरवणाऱ्या टेबलावर. ज्याच्या नावावर तिकिटं खपतात, ज्याला टीव्हीवाले पैसे देतात, त्याला बॉक्सिंगच्या धंद्यात वरचढ बाजू समजतात. आकडा तो मांडतो. दुसरा 'हो' म्हणतो, कारण नाही म्हटलं तर आयुष्यातला सर्वांत मोठा मोबदला हातचा जातो. याला संमती म्हणायचं खरं, पण सावकाराच्या ओट्यावर अंगठा उठवणाऱ्याचीही संमतीच असते.

१९८८ चं शुगर रे लेनर्डचं प्रकरण पाहा. लाइट हेवीवेटचा (१७५ पौंड) विजेता डॉनी लालोंड याच्याशी त्याने सामना ठरवला, पण १६८ पौंडांच्या मर्यादेत. विजेत्याने आपल्या गटाच्या सात पौंड खाली यायचं. शिवाय डब्ल्यूबीसी या संघटनेने सुपर मिडलवेट हा गट नव्याने काढला होता, त्याचा रिकामा किताबही त्याच रात्री पणाला लावला. लेनर्ड चौथ्या फेरीत खाली पडला, उठला, नवव्या फेरीत त्याने लालोंडला संपवलं आणि एका रात्रीत दोन गटांचे दोन पट्टे कमरेला बांधले. त्याचं धैर्य खरं, कौशल्यही खरं. पण १७५ चा किताब १६८ वर खेळवणं म्हणजे दहावीची परीक्षा नववीच्या पुस्तकावर घेण्यासारखं झालं.

किताब पणाला नसेल तर दोघांनी काय वाटेल तो आकडा ठरवावा, माझी हरकत नाही. पट्टा मात्र गटाचा असतो. त्याची मर्यादा बदलण्याचा हक्क कोणत्याही एका बॉक्सरला नको, आणि संघटनांनी तशा लढतींना मान्यता देऊ नये, असं मला ठाम वाटतं. त्या देतात, कारण मोठ्या लढतीत त्यांचाही वाटा असतो.

करार मोडण्याचीही किंमत ठरलेली असते. सप्टेंबर २००९ मध्ये फ्लॉइड मेवेदर आणि हुआन मॅन्युएल मार्केझ यांचा सामना १४४ पौंडांवर ठरला. मार्केझ १३५ च्या गटातून वर येत होता, त्यामुळे हा आकडा त्याच्यासाठी संरक्षण होता. मार्केझ १४२ भरला, मेवेदर १४६. दोन पौंड जास्त! मेवेदरने पौंडाला तीन लाख याप्रमाणे सहा लाख डॉलर मोजले आणि सामना सहज जिंकला. त्या वेळच्या भावाने तेवढ्या वजनाचं सोनं घेतलं असतं तर याच्या विसाव्या हिश्श्यात आलं असतं. श्रीमंत माणसाला दंड म्हणजे शिक्षा नसते, तिकीट असतं.

प्यायच्या पाण्यालाही कुलूप

अलीकडे वाद आणखी पुढे गेलाय. गाटीसारखे प्रकार होऊ नयेत म्हणून आयबीएफ ही संघटना आपल्या किताबी लढतींत सामन्याच्या सकाळी पुन्हा वजन घेते. रात्रीतून दहा पौंडांपेक्षा जास्त वाढ चालत नाही. हा नियम दोघांना सारखा आणि आधीपासून माहीत असलेला. पण हीच गोष्ट आता खासगी करारांत हत्यार म्हणून येऊ लागली. एप्रिल २०२३ मध्ये जर्व्होंटा डेव्हिस आणि रायन गार्सिया १३६ पौंडांवर लढले, आणि दुसऱ्या सकाळी १४६ च्या वर जायचं नाही अशी अटही होती. गार्सिया अंगाने मोठा. आधी त्याला सुकवायचं, मग सुकलेल्याला पुरतं पिऊही द्यायचं नाही. सातव्या फेरीत पोटावरच्या ठोशाने तो गुडघ्यावर बसला.

कॅचवेटमध्ये माणूस निदान काट्यानंतर सावरू शकतो. या कलमात सावरण्यावरच पहारा बसतो. डॉक्टरांच्या नजरेने पाहिलं तर दोन्हींत हेच कलम मला जास्त घातक वाटतं, जरी ते सुरक्षेच्या नावाने येत असलं तरी.

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या टॉटनहॅम स्टेडियमवर ख्रिस युबँक ज्युनियर आणि कॉनर बेन लढले. त्यांचे वडील १९९० आणि १९९३ मध्ये एकमेकांशी लढलेले, त्यामुळे इंग्लंडमध्ये या लढतीची हवा मोठी होती. बेन वेल्टरवेटमधून दोन गट चढून १६० वर आला. बदल्यात युबँकवर अट होती की सामन्याच्या सकाळी १७० च्या आत राहायचं. आदल्या दिवशी युबँक काट्यावर १६०.०५ पौंड भरला. मर्यादेपेक्षा जेमतेम २३ ग्रॅम जास्त, म्हणजे दोन तोळे. त्या दोन तोळ्यांपायी त्याला पावणेचार लाख ब्रिटिश पौंडांचा दंड बसला.

सामना बारा फेऱ्या चालला. युबँक तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकांवर ११६–११२ असा जिंकला आणि पत्रकारांना भेटण्याऐवजी रुग्णालयात गेला. नोव्हेंबरमध्ये तेच दोघे, त्याच स्टेडियमवर, पुन्हा समोरासमोर आले. या वेळी बेन जिंकला.